वाऱ्यातला इंटरव्हल

"मधला खांब हलतोय," तंबू ठोकणाऱ्यांचा जमादार रामा प्रोजेक्टरच्या केबिनच्या शिडीवरून म्हणाला. "तणावं धरत न्हाईत. मेखा वर याया लागल्यात."

मशीनवरची नजर मी काढली नाही. रीळ निम्म्यावर आलं होतं आणि खाली तंबू गच्च भरला होता.

मी तेव्हा टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. टुरिंग टॉकीज म्हणजे गावोगाव फिरणारा सिनेमाचा तंबू. दिवाळीनंतर निघायचा, पावसाळ्याआधी आवरायचा. पन्नासच्या दशकात पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं सुरू झाली, म्हणून आमच्या मालकांनी, तात्यांनी, तिथे मुक्काम टाकला. प्रेक्षक आयते होते. बांधकामावरचे मजूर, फाळणीनंतर छावणीत आलेली सिंधी कुटुंबं, रहाटणी-पिंपळे सौदागरहून बैलगाडीनं येणारे शेतकरी. निम्म्यांना हिंदी धड कळत नसे. त्यानं काही अडत नव्हतं. गाणी पाठ असत, आणि चांगला कोण, वाईट कोण, हे पहिल्या रिळातच समजे.

जागा मात्र वाईट मिळाली होती. नवा मुरूम टाकून सपाट केलेली. मेख म्हणजे तंबूचे ताणलेले दोर, तणावे, ज्याला बांधतात तो लोखंडी खुंटा. तो त्या भुसभुशीत मुरमात घट्ट बसतच नव्हता. आणि त्या संध्याकाळी वारा सुटला होता.

रामाच्या मागोमाग तात्या वर आले.

"दिवे लावू नकोस. लोक वर बघतील. कापड फडफडताना दिसलं की सगळे एकाच दाराकडे धावतील."

"मग काय करू?"

"आवाज वाढव. वाऱ्याचा ऐकू येणार नाही. पडेल वारा."

"नाही पडला तर?"

"चालू ठेव म्हटलं ना," म्हणत ते उतरून गेले. रामा तिथेच थांबला.

तात्यांचं अगदीच चूक नव्हतं. आदल्या वर्षी एका जत्रेत अशाच धावपळीत एक म्हातारा तुडवला गेला होता. मी आवाज वाढवला. पण पडदा खांबांनाच बांधलेला. खांब हलला की चित्र हलायचं. नायिकेचा चेहरा पाण्यात पाहावा तसा वाकडा झाला, तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा झाला, तेव्हा कुणी हसलं नाही.

आमच्याकडे मशीन एकच होतं. रीळ बदलताना दर वेळी थांबावं लागे, तेव्हा कुणी जागचं हलत नसे. पण मशीनपुढे 'इंटरव्हल' लिहिलेली काच लावून ती अक्षरं पडद्यावर आली की पुरुष आपोआप उठत. बिडी, चहा. त्यांना ऊठ म्हणावं लागत नसे. इंटरव्हलला अजून अवकाश होता. सिनेमात लहानपणी हरवलेला मुलगा आईसमोर उभा होता आणि आईला त्याची ओळख पटत नव्हती.

"रामा, बाजूच्या कनाती वर गुंडाळ. कुणी विचारलं तर उकडतंय म्हण. आणि मधल्या खांबाच्या दोरांवर माणसं लाव."

"तात्यांनी सांगितलं व्हय?"

"मी सांगतोय."

तो भराभर उतरला. मी मशीन थांबवलं, काच लावली.

"इतक्यात?" कुणीतरी कुरकुरलं. पण पुरुष उठले. कनाती वर होत्या, त्यामुळे वाट मिळेल तिकडून बाहेर पडले.

बायका उठल्या नाहीत. त्यांची बाजू पडदा लावून वेगळी असे. जागा जाईल म्हणून इंटरव्हलला त्या बसूनच राहत, मांडीवर पोरं झोपलेली. हे मी धरलंच नव्हतं. मी धावत हौसाबाईकडे गेलो. ती बायकांच्या दाराची डोअरकीपर.

"सगळ्यांना बाहेर काढ. ओरडू नकोस."

तिनं वर बघितलं आणि आत गेली. "चला बायांनो, जरा बाहेर चला."

पुढच्या ओळीतल्या एका सिंधी बाईनं मान हलवली. "पहले माँ-बेटे को मिलने दो. फिर उठेंगे."

बाकीच्यांनी तिची री ओढली. वर कापड फाडकन वाजलं. आता ओरडावं, असं माझ्या मनात आलं.

"मिलता है," हौसाबाई म्हणाली. "माँ उसको पहचानती है. कैसे, वो बाहर बताती मैं." तिनं त्या बाईचं पोर कडेवर घेतलं आणि सांगत सांगत चालू लागली. निम्मं हिंदी, निम्मं मराठी. सिनेमा ती रोज दारातून बघायची. पोराची आई उठली. तिच्यामागून ओळ उठली, मग पुढची. हौसाबाईनं मागे वळून पाहिलं नाही.

शेवटची एक म्हातारी चप्पल शोधत होती. तिला दंडाला धरून मी बाहेर ओढत होतो, तेवढ्यात रामा ओरडला, "सोडा दोर!"

खांब मोडला नाही. सावकाश कलला आणि मग एकदम बसला. सगळं कापड बायकांच्या बाजूवर आलं.

मी आधी वीज देणारं इंजिन बंद केलं, कारण कापडाखाली विजेच्या तारा होत्या. मग कंदील घेऊन आम्ही कापड उचलत गेलो. लोक आपापल्या माणसांना हाका मारत होते. प्रत्येक हाकेला उत्तर येईपर्यंत मी कंदील वर धरून थांबत होतो. खाली कुणी नव्हतं. दोरानं रामाच्या तळहातांची सालं गेली, तेवढंच. मी आमच्या सामानाच्या लॉरीच्या पायरीवर बसलो.

तात्या आले. "इंटरव्हल कुणी दिला?"

"मी."

ते पडलेल्या तंबूभोवती एक फेरी मारून आले. "मशीनवर कापड टाक," म्हणाले. "धूळ जातेय." हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. तंबू शिवायला टाकला होता, म्हणून एका अर्धवट गोदामाच्या भिंतीला पडदा बांधून राहिलेला सिनेमा उघड्यावर दाखवायचं ठरलं. तात्यांना एकच काळजी होती. "हौसानं शेवट सांगून टाकला. बायका कशाला येतील?"

आल्या. शेजारणींना घेऊन आल्या. आईनं मुलाला ओळखलं तेव्हा, शेवट ठाऊक असलेल्याच बायका आधी रडल्या. खेळ सुटल्यावर त्या सिंधी बाईनं हौसाबाईला गाठून सांगितलं, की तू सांगितलंस ते यापेक्षा चांगलं होतं.

पुढे मी नव्या मुरमावर कधी तंबू ठोकू दिला नाही. आणि शेवट कळला की हिंदी सिनेमा कुणी बघत नाही, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेतो. मानत नाही.