साळवेताईंची मूठ

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी, ठाण्यातल्या नेमबाजी स्पर्धेत, रजनी साळवे यांनी निम्मे छर्रे मारून झाल्यावर एअर पिस्तूल समोरच्या टेबलावर ठेवलं आणि माघार घेतली. पिस्तुलात बिघाड नव्हता. हाताला दुखापत नव्हती. त्या वेळी ज्येष्ठ महिलांच्या गटात त्या पहिल्या होत्या, आणि त्या गटातून राज्य स्पर्धेला एकीलाच पाठवणार होते.

साळवेताई डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. माहेर मोहन्याचं. कल्याणच्या कोर्टात स्टेनो होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या. मी ठाण्याच्या एका वृत्तपत्रासाठी जिल्ह्यातल्या स्पर्धांच्या बातम्या करतो हे कळल्यावर त्या स्वतः खाली आल्या. ओळख करून देताना त्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा दाबून पाहिली, तळवा उलटा केला.

"तुझं बरंय रे," म्हणाल्या. "तुला बाजारातली मूठ बसेल."

मी तोवर नेमबाजीचं पिस्तूल हातात धरलेलं नव्हतं.

ताईंचा हात लहान आणि अंगठा आखूड आहे. पन्नाशीच्या आसपास त्या नेमबाजीकडे वळल्या तेव्हा क्लबातल्या पिस्तुलांच्या सगळ्या मुठी त्यांना मोठ्या होत्या. या खेळात उभं राहून, एका हातानं, दहा मीटरवरचा ठिपका टिपायचा असतो. मूठ नीट बसली आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं आणि मग डोळे उघडायचे. पिस्तुलावरची पुढची खूण मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ बसली. ताईंना ती खूण कायम डावीकडे दिसायची. त्यांनी सर्वांत लहान मापाची अक्रोडाची मूठ मागवली. तीही मोठी निघाली. मग लाकूड जिथे जास्त होतं तिथे त्यांनी कानस चालवली, जिथे कमी पडत होतं तिथे पुट्टी भरली. हे काम संपलंच नाही.

मूठ पिस्तुलापासून सुटी होते. ताई ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायच्या. बँकेच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडे, नात्यातल्या साखरपुड्यात ती बाहेर निघायची. डोळे मिटून धरायच्या, बोटं हलवायच्या, मान हलवून परत ठेवायच्या. कुणी बोलत असलं तरी त्यांचा उजवा हात दुसरीकडेच असायचा. कपाची कडी, रिक्षाचा दांडा, लाटणं, जे हाताला लागेल त्यावर अंगठा फिरत राहायचा.

"लग्नात माझा हात धरला तेव्हा एवढं तपासलं नव्हतं," त्यांचे पती दिलीपराव म्हणायचे.

"तपासलं असतं तर तुम्हालाही कानस लावली असती."

एकदा मे महिन्यात त्यांनी गच्चीत बसून मूठ अगदी मापात आणली. खाली येऊन आम्हाला दाखवली. दुसऱ्या दिवशी सरावाच्या एसी हॉलमध्ये ती हातात डुगडुगायला लागली. उन्हात बोटं सुजलेली होती, ती गारव्यात उतरली. त्यानंतर ताई घरात पंख्याखाली, गार पाण्यात हात बुडवून घासकाम करू लागल्या. "उन्हातला हात वेगळा, एसीतला वेगळा," म्हणायच्या. "दोन हातांना एक मूठ कुठून आणू रे?"

त्यांचं दुसरं वाक्य कोर्टातलं होतं: "शिक्का लागला की कागदाला हात लावायचा नाही." नोकरीत त्यांनी ते पाळलं. घरीही तेच. घरच्या एका लग्नाच्या पत्रिका छापून आल्यावर दिलीपरावांनी एका नावातली चूक पेनानं दुरुस्त करायला घेतली, तर ताईंनी सगळा गठ्ठा पुन्हा छापायला पाठवला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पिस्तुलांची तपासणी होते. तळहाताच्या खाली मुठीला एक फळी असते, तिच्यावर पंजा टेकतो. ती फळी वर वळून हाताला वेढू लागली तर मूठ नियमबाह्य ठरते. तपासणारा मोजमाप करतो आणि स्टिकर लावतो. त्यानंतर पिस्तुलात काहीही बदल करायचा नसतो. त्या शनिवारी दुपारी ताईंच्या पिस्तुलाला स्टिकर लागला.

संध्याकाळी त्या घरी टीव्हीसमोर मूठ घेऊन बसल्या. दिलीपरावांनी पुढचं पाहिलं. मालिका सुरू होती, ताईंचं लक्ष तिकडेच होतं. त्यांनी डब्यातून चिमूटभर पुट्टी काढली, फळीच्या मागच्या कडेला लावली आणि हात दाबून धरला. जाहिराती लागल्या तेव्हा डबा बंद केला. दिलीपरावांना त्यात वेगळं काही वाटलं नाही. रोजचंच होतं.

रविवारी सामन्यात ताईंनी पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा खूण मधोमध होती. मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. त्यांचे छर्रे आतल्या वर्तुळात जात होते. क्लबातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. निम्मा सामना झाल्यावर ताईंनी पिस्तूल उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि अंगठा फळीच्या मागच्या कडेवरून फिरवला. मग त्यांनी हात वर करून रेंज अधिकाऱ्यांना बोलावलं.

बाहेर जिन्यात त्या पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. शेजारी दिलीपराव उभे होते.

"ताई, काय झालं?"

"बसली रे. आज बसली."

"मग?"

"काल स्टिकरनंतर पुट्टी लावली मी. लावताना कळलंसुद्धा नाही." त्यांनी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. "कड वर आलीय. तिथेच हात टेकतोय. म्हणून बसली."

"कुणी पाहिलं नसतं," दिलीपराव म्हणाले.

"मी पाहिलं ना."

"इतकी वर्षं घासत बसलीस त्याचं काय?"

"इतकी वर्षं स्टिकरच्या आधी घासत होते."

ती पुट्टी त्यांनी तिथेच जिन्यात कानशीनं उतरवली. पांढरा भुगा साडीवर पडला, तो झटकला नाही. राज्य स्पर्धेला बाळकुमच्या एक बाई गेल्या.

या वर्षी तपासणीच्या दिवशी ताई मला बरोबर घेऊन गेल्या. स्टिकर लागताच त्यांनी कानस, पॉलिश पेपर आणि पुट्टीचा डबा माझ्या पिशवीत टाकला.

"उद्या सामना संपेपर्यंत द्यायचं नाही. मागितलं तरी नाही."

संध्याकाळी त्या दोनदा खाली आल्या. एकदा साखर मागायला, एकदा साखर परत करायला. दोन्ही वेळा नजर पिशवीवर होती. मी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सामना पूर्ण केला. खूण डावीकडे दिसत होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या दुसऱ्या आल्या. पहिल्या क्रमांकावर पुन्हा बाळकुमच्याच बाई होत्या. ताईंनी त्यांचं अभिनंदन केलं, त्यांचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला आणि माझ्याकडे आल्या. त्यांनी हात पुढे केला. मीही केला.

त्यांना कानस हवी होती.