अठराचा भाव

शिरूरच्या स्टँडवर चौफुल्याची एसटी लागली तेव्हा ऊन बरेच वर आले होते. भांडगावच्या आत्यासाठी पेढे घेऊन मी खिडकीपाशी बसलो. तिचा फोन आला होता. "एकदा यून जा बाबा. तुला एक इचारायचंय. फोनवर न्हाई."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजची वर्षे मी आत्याकडे राहून काढली. पहाटे उठून माझ्यासाठी भाकरी बांधणारी तीच. आता मी शिरूरला बँकेत आहे. आत्याने बोलावले की कारण न विचारता जायचे, एवढे मला कळते.

न्हावरा मागे पडले आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. शेजारच्या आजोबांनी पुडा न्याहाळला.

"पोरगी बघाया?"

"आत्याकडं चाललोय, आबा."

"मग चहापत्ती-साखर न्यायची की. तुला चहा तिनंच पाजायचा."

पारगावला भीमेचा पूल ओलांडला. खाली पाणी हिरवट, संथ. पुढे गुऱ्हाळांच्या चिमण्यांचा धूर आणि उकळत्या रसाचा गोड, थोडा करपट वास. चौफुल्याला उतरून वडाप (माणसे भरली की सुटणारी जीप) धरले. ते वाटेत दोनदा बंद पडले.

भांडगाव फाट्यावर मामा, म्हणजे आत्याचे यजमान, मोपेड धरून उभे होते. मी मागे बसायला गेलो तर म्हणाले, "चालत जाऊ. बोलायचंय."

थोडे पुढे गेल्यावर ते म्हणाले, "ती तुला दिरमचा भाव इचारंल. अठरा सांग."

दिरहम हे दुबईचे चलन. आत्याचा मुलगा दत्ता तिथे क्रेन चालवतो. तो गेला तेव्हा एका दिरहमला अठरा रुपये मिळत. निघताना तो आईला म्हणाला होता, "वीस झाला की येतो." आत्याला त्यात काही वावगे वाटले नाही. आमची माणसे पूर्वी मेंढरे घेऊन कोकणात उतरायची. परतायची तारीख कोणी सांगत नसे, खूण सांगत. पाऊस जवळ आला की माघारी. दत्तानेही तशीच खूण सांगितली होती.

"मामा, भाव चोवीसच्या वर गेलाय."

"ठावं हाय. वीस झाला तवा मीच त्याला फोन केला. म्हणला, बावीस हुंद्या. बावीसला म्हणला, आप्पा, हितंच लगीन केलंय, आता माघारी यायचं न्हाई. आईला तुमी सांगा." मामांनी मोपेड दुसऱ्या बाजूने धरली. "मला न्हाई सांगता आलं. वीस झाल्यापासनं मी सांगून ठेवलंय, म्हणून गावात समदी अठराच सांगत्यात."

"आत्या त्यालाच का विचारत नाही?"

"दिवाळीला बोलती की. पण भाव न्हाई इचारत. पोराला वाटंल, आई पैशाला बघती."

"मग आता मला कशाला बोलावलं?"

"गुऱ्हाळावर यूपीचा गडी आलाय. त्याचा भाऊ दुबईत. हिनं इचारलं, तो चौबीस बोलून गेला. त्या बिचाऱ्याला काय ठावं. तवापासनं ही धड जेवली न्हाई. म्हणती, बँकेतलं पोरगं खोटं बोलणार न्हाई."

ओसरीवर घोंगडी अंथरली होती. आत्याने माझा दंड चाचपला.

"वाळलास. बँकेत खायाला देत न्हाईत व्हय?"

"पगार देतात, आत्या."

"तो खाऊन पोट भरतंय का?"

तिने शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे झणझणीत रश्शातले वळे) केली होती. मामांना आणि मला वाढले. स्वतःचे ताट पालथेच ठेवले. मी दुसरा घास घेतला तेव्हा तिने विचारले.

"तुझ्या बँकेत दिरमला काय भाव हाय आता?"

मामा खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले.

"अठरा," मी म्हणालो.

"तू सोता बघितलास?"

"रोजच बघतो, आत्या. अठराच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ताट सुलटे केले. "तो भैया येडाच हाय. मला वाटलंच," असे म्हणून जेवायला बसली. दुसरी भाकरीसुद्धा घेतली. माझ्या शिक्षणावर या घराचा केवढा विश्वास आहे, ते मला त्या दिवशी समजले. मला ताट संपवता आले नाही.

निघताना तिने फडक्यात गुळाची ढेप बांधून दिली आणि फाट्यापर्यंत सोबत आली. मामा मोपेड ढकलत मागे होते.

"दत्ताचा नंबर हाय न्हवं तुझ्याकडं?"

"आहे."

"मग माझा निरोप सांग. वीसची वाट नको बघू म्हणाव. अठरालाच ये."

वडाप आले. मी हो म्हणून बसलो. मामांनी मोपेड गावाकडे वळवली.

परतीच्या एसटीत मी तो निरोप तिच्याच शब्दांत दत्ताला पाठवला. भीमेच्या पुलावर असताना त्याने वाचल्याचे दिसले. शिरूर आले तरी उत्तर नव्हते.

ढेप मांडीवर होती आणि बोटांना गूळ लागला होता. आमच्या जुन्या माणसांची खूण आभाळात असायची. ती सगळ्यांना एकाच वेळी दिसे. घरी वाट पाहणाऱ्या बाईपासून पाऊस लपवून ठेवता येत नसे.