बेडूक गाडी आणि ताईचं वजन

काडीमिस्त्रीच्या गॅरेजात दाराशेजारची भिंत काळी रंगवलेली होती. तिच्यावर खडूने प्रत्येक गाडीची सगळी हकीकत लिहिलेली असायची: कुणाची गाडी, काय बिघडलं, काय बदललं. खाली शेवटची ओळ ठरलेली, ‘बसून बघितली’. ती ओळ पडल्याशिवाय गाडी दाराबाहेर जायची नाही. गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी हा आधी स्वतः चढावर चक्कर मारून येणार, हात पुसणार आणि मगच खडू उचलणार. तीस वर्षं हाच हट्ट.

काडी हे अर्थातच टोपणनाव. माणूसच तसा होता. खरं नाव बहुधा त्याच्या बायकोला आणि ताईलाच आठवत असेल. बायको आठ महिन्यांपासून लेकीकडे गेली होती, जुळी झाली होती ना लेकीला! रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, ‘जेवलात का?’ आणि हा गडी हातातलं बिस्कीट चहात बुडवत सांगायचा, ‘हो, पोटभर.’ खोटं बोलताना आवाज जरासुद्धा हलायचा नाही.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच याला कडेवर घेऊन वाढवला. ती आरोग्य केंद्रात नर्स होती, सगळे तिला सिस्टर म्हणत. सव्वीस वर्षं ती टेकडीवरच्या विखुरलेल्या घरांची फेरी करत होती. कुणाची जखम बांध, कुणाला इंजेक्शन दे, कुणाला गोळ्या घेत नाही म्हणून झाप. अकरा घरं होती यादीत. सातव्या घरातले म्हातारे मास्तर तर असे हट्टी, की त्यांच्या पायाच्या जखमेला ताईशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

पण ताईचे गुडघे गेले. चढ चढताना ती तीनदा बसायची, आणि परतायला तीन वाजायचे. केंद्राच्या डॉक्टर मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. त्या म्हणाल्या, “सिस्टर, एक तारखेपासून फेरी नव्या मुलीला देते. तुम्ही खिडकीत बसा, केसपेपर काढा. किंवा मग एक वाजायच्या आत अकरा घरं करून दाखवा.”

ताई त्या दिवशी भावाकडे आली ती थेट रडतच. रडणारी बाई नव्हे हो ती! लोकांना रडवणारी.

“मी खिडकीत बसले तर मरेन रे,” ती म्हणाली. “काचेच्या आडून लोकांना नाव, वय, पत्ता विचारत बसू?”

काडीमिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि मागच्या शेडमधून एक वस्तू ओढत आणली. मुलांची बाग बंद पडली तेव्हा तिथून आणलेली छोटी चारचाकी एटीव्ही. हिरवा रंग, फुगीर चाकं आणि पुढे डोळ्यांसारखे दोन दिवे. मुलं तिला बेडूक म्हणायची. पोराटोरांना बसवून गोल गोल फिरवायची गाडी ती. चढ दिसला की धापा टाकायची.

“यावर मी बसू?” ताई म्हणाली.

“आत्ता नको. चार दिवस दे. हां, आणि एक सांग.” मिस्त्रीनं उगीचच पाना पुसला. “तुझं वजन किती असेल?”

“पासष्ट,” ताई म्हणाली, आणि एवढ्या झटकन म्हणाली की दुसऱ्या कुणाला शंका आली असती. पण मोठ्या बहिणीला उलट कोण विचारणार? त्यानं भिंतीवर ‘पासष्ट’ लिहून टाकलं.

मग तो कामाला लागला. मुलं सुसाट सुटू नयेत म्हणून अंगठ्याच्या अ‍ॅक्सिलरेटरखाली एक स्क्रू असतो, पुढे जाऊच देत नाही. तो आधी काढला. सायलेन्सरच्या तोंडात एक चकती बसवलेली होती, इंजिनाचा श्वास अडवायला, तीही काढली. कार्बोरेटरला मोठा जेट घातला, म्हणजे पेट्रोल जास्त येईल. पण खरी करामत चेनची. पुढचं दातेरी चक्र लहान आणि मागचं मोठं बसवलं, म्हणजे वेग कमी झाला आणि ओढ वाढली. वर खोल नक्षीचे टायर. औषधांच्या पेटीसाठी मागे भक्कम कॅरियर.

रविवारी त्यानं पाठीमागे रिकामी पेटी बांधली आणि चढ चढला. बेडूक असा वर गेला की मिस्त्री एकटाच मोठ्यानं हसला. आपण साठ, ताई पासष्ट, पाच किलोंनी काय होतंय! खाली येऊन त्यानं खडू घेतला. ‘बसून बघितली.’

सोमवारी बेडूक उलटला.

मास्तरांच्या घराआधी एक खडं वळण आहे. तिथं ताईनं अंगठा दाबला, गाडीनं ओढ घेतली, आणि पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर. ताई पाठीवर पडली ती नशिबानं झुडपात. डोक्याला हेल्मेट होतं, कोपर तेवढं सोलवटलं. पण पेटीतल्या काचेच्या बाटल्यांचा चुरा झाला, आणि ती बातमी ताईच्या आधी केंद्रात पोचली.

“सिस्टर, पुरे झालं,” मॅडम म्हणाल्या. ताईनं हात जोडले तेव्हा कुठे त्या नरमल्या. “बरं. शनिवारी शेवटचं. मी दारात घड्याळ लावून बसते.”

इकडे मिस्त्रीला काही सुधरेना. गाडीचा सांगाडा सरळ, चेन ठीक, ब्रेक ठीक. मग उलटली कशी? तीस वर्षांत त्यानं बसून बघितलेली गाडी उलटली नव्हती, आणि उलटली ती नेमकी ताईला घेऊन! त्याला घास गिळवेना. तसाही तो कुठे गिळत होता म्हणा.

मंगळवारी सकाळी ताई गॅरेजात आली. काखेत केंद्राचा वजनकाटा. सुताराचा टेम्पो दुरुस्तीला होता, त्याच्यासकट चारपाच माणसं उभी होती. तिनं काटा फरशीवर ठेवला, चपला काढल्या आणि वर चढून उभी राहिली.

“वाच,” ती म्हणाली.

मिस्त्री वाकला. मग सरळ झाला. मग परत वाकला.

“मोठ्यानं वाच!”

“चौऱ्याऐंशी.”

सुतारानं चटकन छताकडे बघायला सुरुवात केली.

“सव्वीस वर्षं मी लोकांना या काट्यावर उभं करते,” ताई म्हणाली. “वजन चोरतात म्हणून शिव्या घालते. आणि स्वतः तुला पासष्ट सांगितलं. लाज वाटली रे. पेटी तेरा किलोंची, ती वेगळीच. लिही भिंतीवर.”

त्यानं लिहिलं. आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. चौऱ्याऐंशी आणि वर तेरा, सगळं मागच्या चाकांवर. बेडूक पुढचे पाय उचलणार नाही तर काय करणार? मागचा दांडा चार इंच लांब करायचा, म्हणजे चाकं आणखी मागे जातील. पुढेही एक कॅरियर लावायचं, पेटी त्याच्यावर. अंगठ्याचा स्क्रू परत बसवायचा, अर्धा, म्हणजे झटका बसणार नाही.

“आणि या वेळी पुऱ्या वजनानं बघतो,” तो म्हणाला. “मी साठ, तू चौऱ्याऐंशी. चोवीस किलो वाळू कंबरेला आणि पाठीला बांधतो.”

“तू साठ?” ताई काट्यावरून उतरली. “कधीपासून?”

“लग्नापासून साठच आहे मी.”

“चढ.”

“अगं, माझं काय त्यात...”

“चढ म्हटलं ना!”

पायातले जड बूट काढून तो चढला. काटा एक्कावन्नावर थांबला. ढगळ डांगरीत एवढे दिवस काही दिसलं नव्हतं. ताईनं त्याच्या बाहीवरून हात फिरवला, कापडाच्या आत दंड शोधावा लागला तिला.

“नऊ किलो कुठे गेले?” तिचा आवाज बारीक झाला होता.

“बायकोला सांगू नकोस,” तो पुटपुटला. “ती पोरांना टाकून धावत येईल.”

ताईनं त्याच्या हातातला खडू घेतला आणि आपल्या आकड्याखाली ‘५१’ लिहिलं. “तेहतीस किलो वाळू लागेल,” एवढंच म्हणाली आणि काटा उचलून निघून गेली.

शुक्रवारपर्यंत वेल्डिंग झालं. तेहतीस किलो वाळू अंगाला बांधून, पुढे भरलेली पेटी ठेवून मिस्त्री त्या खड्या वळणावरून सात वेळा गेला. चाकं जमिनीला चिकटून राहिली. आठव्या वेळी मात्र त्यालाच दगडावर बसून राहावं लागलं. ते त्यानं भिंतीवर लिहिलं नाही.

शनिवारी नऊला ताई निघाली. मिस्त्रीनं त्या दिवशी एकही काम हातात घेतलं नाही. गॅरेजच्या दारात उभा राहून तो टेकडीकडे कान लावून होता. दहा वाजले, अकरा वाजले. मध्येच बेडकाचा आवाज यायचा, मध्येच बंद व्हायचा, आणि बंद झाला की याचा जीव टांगणीला. बारा वाजून गेले. आणि पाहतो तर बेडूक केंद्राच्या रस्त्याला न वळता थेट गॅरेजकडे!

“काय झालं? चेन गेली?” तो धावला.

“काही झालं नाही. लोण्यासारखी चालते.” ताई उतरली. “अकरा घरं झाली, सव्वाबाराला. आता बारावं.”

पुढच्या कॅरियरवर, पेटीखाली, वजनकाटा बांधलेला होता. आणि डबा.

“ताई, मॅडम घड्याळ लावून बसल्यात! तुला वेड लागलंय का?”

“बसू देत. चढ काट्यावर. मग जेव. मी इथून हलणार नाही.”

ती खरंच हलली नाही. त्यानं एक डोळा घड्याळावर ठेवून भराभर खायला सुरुवात केली, तेव्हा तिनं लहानपणी ओरडायची तसंच ओरडून त्याला सावकाश चावायला लावलं. डबा रिकामा झाल्यावर सोमवारी रक्त तपासायला यायचं बजावलं, भिंतीवर तारीख, एक्कावन्न आणि ‘जेवला’ एवढं लिहिलं, आणि बेडकावर बसली.

पुढचं मॅडमनीच नंतर त्याला सांगितलं. एकला पाच मिनिटं असताना ताई दारात आली. मॅडमनी यादी हातात घेतली, बोट लावून मोजली, आणि म्हणाल्या, “सिस्टर, फेरी तुमचीच. पण ही तर बारा घरं आहेत. हा शेवटचा कोण?”

“चढाखाली राहतो,” ताई म्हणाली. “माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.”