क्रिकेट स्पर्धेतलं सक्तीचं जेवण

आज डोंगरावरच्या कुडपणला क्रिकेटचे सामने होते. तिथला नियम असा, की हरा किंवा जिंका, जेवल्याशिवाय गाव सोडायचं नाही. या सक्तीविरुद्ध मी इथे लिहून लिहून किती बोटं झिजवलीत, ते मित्रांनो तुम्हाला ठाऊक आहेच.

आम्ही हरलो. धुकं उतरायला लागलं होतं. मी गाडीची चावी काढली.

"बस रे, दोन घास खा," सामने भरवणारे तात्या म्हणाले.

"तात्या, खेळायला आलोय, बारशाला नाय."

तात्यांनी हाताला धरून मला पंगतीकडे नेलं. माझ्या जागेशेजारी एका रिकाम्या जागेपुढे पत्रावळ वाढलेली होती.

"ही कुणाची?"

"कशेडी घाटापल्याडच्या गावातल्या बॉलरची. मागं हरला, रागानं उपाशीच निघाला. आमचा घाट उतरताना गाडी दरीत गेली. तवापासून आमी कोणाला उपाशी सोडत नाय."

मी चावी खिशात टाकून बसलो. भात, कुळथाचं पिठलं, सगळं जेवलो. शेजारी कुणी येऊन बसलं नाही, हे शपथेवर सांगतो.

उठताना पाहिलं, तर शेजारची पत्रावळ जेवून उठल्यासारखी नीट दुमडलेली होती.

स्पर्धेत जेवणाची सक्ती असावी की नसावी? तुम्ही सांगा. मी परत खाली बसलो, आणखी भात मागून घेतला आणि मगच घाट उतरलो.