पाट्यांची जीप आणि जोडलेला भोपळा

मिरजेहून तंबोरा घरी आणायला कुठली गाडी न्यावी, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, हे मला माहीत आहे. तरी उत्तर लिहून ठेवतो. माझ्या मेहुण्याची जीप नेऊ नये.

तंबोरा मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गाण्याच्या बाईंचा. बाई गेल्यावर तो तिच्याकडे आला आणि पुढे एकदा पडून भोपळ्याला चीर गेली. दुरुस्तीला तो रेल्वेने गेला. फुटलेल्याला आणखी कुणाचा धक्का लागणार? आता जोडून तयार होता. दुसऱ्या दिवशी आमच्या रहिमतपुरातल्या देवळात बाईंच्या पुण्यतिथीचं गाणं होतं आणि मंगल पहिल्यांदाच एकटी गाणार होती.

माझ्या छोट्या गाडीत पुढची सीट पाडली तर तंबोरा मावतो. पण मंगलला भोपळा मांडीवर हवा होता, म्हणजे मग तंबोरा तरी जाणार किंवा मंगल तरी. तिथे तिचा भाऊ संपत मदतीला आला. संपतने लष्करात आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर सरकारने पेन्शन दिली आणि त्याने स्वतःला एक जुनी जीप दिली.

"दाजी, तुमच्या गाडीला म्होरल्या चाकांना आपापली गोल स्प्रिंग, तिच्यात शॉकअप. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता न्हाई. आमची चारी चाकं पाट्यांवर, येकावर येक रचलेल्या वाकड्या पट्ट्यांवर. पाटं म्हंजे लोखंड हाय लोखंड!"

भोपळ्यासाठी लोखंड कशाला हवं, हे मी विचारलं नाही. मेहुण्याला काही विचारलं की घरी जेवण उशिरा मिळतं.

सकाळी निघालो. कराडात मिसळ खाल्ली. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो. हा रस्ता रुंद होतोय म्हणतात. कधीपासून, हे विचारू नये, माणसं दुखावतात. जीपमध्ये आमचे दात वाजत होते आणि संपत शॉकअपचं महत्त्व सांगत होता. स्प्रिंग नुसता हादरा झेलते. तिला पुन्हा शांत बसवतो तो शॉकअप, त्याच्यातल्या तेलाच्या जोरावर. त्याच्या शॉकअपमधलं तेल बहुधा त्याच्याबरोबरच निवृत्त झालं होतं.

मिरजेत कारागिराने तंबोरा वाजवून दाखवला. मंगलने डोळे मिटले. तो म्हणाला, "ताई, जोड पक्का आहे. पण सणसणीत हादरा बसला तर हा पुन्हा सांधता येणार नाही. नवा भोपळा घालावा लागेल, आणि मग हा आवाज नाही."

सांगली सोडताना पहिला गतिरोधक आला. जीपचं मागचं अंग असं उडालं की मंगल भोपळा छातीशी धरून छताला भेटून आली.

"दादा, थांब! थांबव गाडी!"

तिने भोपळ्यावरून बोटं फिरवली. चीर नव्हती. मग तिने पदर भोपळ्याभोवती गुंडाळला.

"रिकामी हाय म्हणून उडती गं," संपत म्हणाला. "पाट्यांला भार पायजे. भार पडला की पाटं वाकत्यात, मग बघ कशी मऊ चालती."

"हे रहिमतपुरात सांगायचं होतंस."

"तवा भोपळा कुठं होता, दाजी?"

आष्ट्यापर्यंत बैलगाडीच्या चालीने आलो. तिथल्या थांब्यावर डोहाळजेवणाहून परतणाऱ्या सहा बायका एसटीची वाट बघत होत्या. संपतने गाडी लावली. "कराडला चला. फुकट."

सगळ्यांत वयस्कर शांताबाई पुढे आल्या. "फुकट? मग गाडी मोडकी असंल, न्हाईतर तुमी."

मंगलने खाली उतरून सगळं खरं सांगितलं. शांताबाई कमरेवर हात ठेवून हसल्या. "म्हंजे आमाला पोती म्हणून नेताय व्हय? चला गं पोत्यांनो!"

मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मंगलभोवती सहा जणी दाटीने बसल्या आणि जीप खरोखर सुधारली. उडायची ती डुलायला लागली. संपतच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू बायकांचा शोधही त्यानेच लावला.

कराड आलं. गाडी रिकामी होणार आणि पुढे मसूरचा उखडलेला रस्ता बाकी. भोपळ्याभोवती मंगलने पदर आणखी घट्ट केला. ते शांताबाईंनी पाहिलं.

"उद्या गाणं हाय म्हणतीस?"

"व्हय."

त्यांनी सुनेला फोन लावला. "म्हस आज तू पीळ. मी उद्या येतो. आगं, पोतं झालोय मी, घरी आल्यावर सांगतो."

आणखी दोघी राहिल्या. संपतच्या तोंडून निघून गेलं, "ऱ्हायच्या त्या जरा वजनदार ऱ्हावा."

"तुझ्या बायकूला सांगू का रं, परक्या बायकांची वजनं करतोस म्हणून?" शांताबाई म्हणाल्या. मसूर येईपर्यंत संपत अबोल होता. ही त्या रस्त्याची एकमेव सोय.

सहा जणींचं काम तिघींवर आलं होतं. मोठा खड्डा दिसला की शांताबाई ओरडायच्या, "दाबून बसा गं!" मी देवाचं नाव घेत होतो. त्या आरोळीचा आधार अधिक होता, हे देवालाही मान्य असावं.

घरी पोचल्यावर मंगलने खोळ काढली. चारी तारा छेडल्या, कान भोपळ्याला लावला, आणि मग कुठे आम्हाला पाणी विचारलं.

दुसऱ्या दिवशी देवळात तिघी पहिल्या रांगेत होत्या. मंगलचा पहिला सूर कापला; दुसरा तंबोऱ्यात जाऊन बसला. रोज देवासमोर हात जोडले की माझी मागण्यांची रांग लागते. त्या तासाभरात एकही आठवली नाही.

प्रवास करणाऱ्यांसाठी: डिझेल बरंच लागतं, सांगलीचं भडंग जरूर घ्या, कमरेला पट्टा बांधा. तिघींना कराडला सोडून संपत उड्या मारत परतला आणि म्हणाला, "दाजी, मागचा एकेक पाटा काढून टाकू का? जरा मऊ हुईल."

"राहू दे. बाकं तेवढी पुसून ठेव. मंगलने त्यांना पुढच्या महिन्यात बोलावलंय."