सारुनने भाषा कुणाला विचारली

बात्तामबांगच्या बाजारामागे सारुनचं एका खोलीचं ऑफिस आहे. तो संगणकाचे प्रोग्राम लिहितो. स्वभावाने इतका भिडस्त, की चहा हवा की कॉफी असं कुणी विचारलं तर 'जे असेल ते' म्हणणार. स्वतः कुणाला काही विचारायचं तर ते अगदी जिवावर येतं. गावोगावच्या सरकारी दवाखान्यांसाठी रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहायचं काम मिळालं, तेव्हा मात्र त्याने मनाशी पक्कं केलं, हा आमच्या ख्मेर भाषेत झाला पाहिजे. तिथल्या नर्सना इंग्रजी अडखळतच वाचता येतं.

शब्दांसाठी तो आपल्या शाळेतल्या केसोर बाईंकडे गेला. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण छडी अजून जिभेवर होती.

"हे 'सेव्ह' म्हणजे काय रे?"

"लिहिलेलं जपून ठेवायचं, बाई."

"मग 'रक्सा तुक' लिही. घरात असताना शेजारी कशाला मागायचं?"

पुसून टाकणं म्हणजे 'लुप'. इथवर सोपं होतं. गाडी अडली ती जेवणापाशी. औषध देण्याआधी रुग्ण जेवलाय का, हे विचारायचं होतं. आता आमच्यात तुम्हीआम्ही जेवतो ते 'न्याम', वडीलधारे जेवतात ते 'पिसा', आणि भिक्खू जेवतात ते 'छान'.

"विहारातल्या गुरुजींना 'न्याम' झालं का विचारणार? तुझ्या यंत्राला वळण नको लावायला?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी एकेक प्रश्न तीन तऱ्हांनी बसवून दिला. पावसाळाभर त्या खपल्या. बदल्यात काही मागितलं नाही. आपले शब्द कुणाच्या तरी रोजच्या कामात यावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

मग प्रश्न आला, कोणती भाषा दाखवायची हे प्रोग्रामने ओळखायचं कसं. सुरुवातीलाच 'कोणती भाषा हवी?' असं विचारलं असतं तर भागलं असतं. पण सारुनला ते गावंढळ वाटलं. त्याने प्रोग्रामला शिकवलं, की सुरू होताना गुपचूप संगणकालाच विचारायचं, बाबा रे, तू कोणत्या भाषेत चालतोस? तो ख्मेर म्हणाला तर ख्मेर, नाहीतर इंग्रजी. माणसाला तोशीस नाही. सारुनच्या संगणकावर हे झकास चाललं. बाईंनी पडद्यावर आपले शब्द पाहिले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

पण अख्ख्या जिल्ह्यात ख्मेर भाषेत चालणारा संगणक बहुधा तेवढा एकच असावा. आमच्याकडे दुकानदार संगणक देतो तो इंग्रजीच करून देतो. लोक त्यावर ख्मेर टाइप करतात, ख्मेर वाचतात, पण खुद्द यंत्राची भाषा बदलता येते हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. सारुन हे रोज बघत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

प्रोग्राम दवाखान्यांत गेला. तक्रार एकही आली नाही. आमच्यात तक्रार करणं म्हणजे समोरच्याला तोंडघशी पाडणं, ते कोण करणार? सारुन मात्र खूश.

"काय म्हणतात रे नर्स?" बाई विचारायच्या.

"काही म्हणत नाहीत, बाई. म्हणजे चांगलंच चाललंय."

पुढे पुढे बाईंनी विचारायचं सोडलं. सारुनला वाटलं, वयामुळे विसरत असतील.

काही वर्षांनी बाई गेल्या. सातव्या दिवसाच्या विधीला जेवताना निमोल नावाची नर्स त्याच्याशेजारी येऊन टेकली.

"दादा, बाई रक्तदाब तपासायला माझ्याकडेच यायच्या. एकदा पडद्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, हा सारुनचाच ना? मग इंग्रजीत कसा?"

"इंग्रजीत?"

"इंग्रजीतच आहे की. पहिल्यापासून."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? संगणक असेच असतात, म्हटलं. तर म्हणाल्या, माझे शब्द जुनाट वाटले असतील पोराला, तोंडावर कसं सांगेल बिचारा. आणि मला बजावलं, त्याला विचारू नकोस, ओशाळेल."

सारुनने हातातला घास परत ताटात ठेवला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण नुसती शरम वाटत राहिली. बाई हाच समज घेऊन गेल्या होत्या, आणि तो दूर करायला आता सारुन कुणाच्या दारात जाणार होता?

दुसऱ्याच दिवशी त्याने प्रोग्राम बदलला. उघडताच दोन बटणं दिसायची, वर ख्मेर, खाली इंग्रजी. निमोलच्या दवाखान्यात तो स्वतः घेऊन गेला. तिने वरचं बटण दाबलं. एकेक ओळ वाचत हसली.

"गोड लिहिलंय हो बाईंनी."

बाकावर एक पोटुशी पोर कधीची ताटकळली होती. निमोल पडद्यावर हवी ती जागा शोधत राहिली, मग तिने प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला आणि खालचं बटण दाबलं.

"राग मानू नका, दादा. इतकी वर्षं हात इंग्रजीवरच बसलाय. यात वाचत बसावं लागतं."

सारुनने मान डोलावली. दोन बटणांतून का होईना, त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं आणि तिने खरं ते सांगितलं होतं.