एका रांगेतली भोकं

ताई नीटनेटकी म्हणजे किती, तर विचारायची सोय नाही. कपाटातले टॉवेल कडेला कड लावून, चमच्यांची तोंडं एका दिशेला, आणि भावाचे केस कापायला बसली की कानामागची रेघ पट्टीनं आखल्यासारखी. हा भाऊ धाकटा, पाय नावालाच. चाकाच्या खुर्चीत बसून घरभर हुकूम सोडतो म्हणून ती त्याला ‘राजे’ म्हणते. आई गेल्यापासून राजांचं सगळं तीच बघते, आणि दुसऱ्या कुणी बघितलेलं तिला खपत नाही, हेही खरंच.

पोटापाण्याला ती सर्किट बोर्डांची आखणी करते. कारखान्यात खिडकीशेजारी कॉम्प्युटरपुढे बसून दिवसभर तांब्याच्या वाटा काढायच्या, हे तिचं काम. त्यामुळे राजांच्या खुर्चीला मोटर बसवायचं ठरलं तेव्हा बोर्ड बाजारातून आणण्याचा विषयच तिनं निघू दिला नाही. राजांनी एकच अट घातली. कोपऱ्यावरचा चढ खुर्ची चढली की ताईनं मागून यायचं नाही. मागची दांडी धरून चालायची सवय तिच्या हातांना इतकी लागली होती की हो म्हणणं तिला जड गेलं. पण म्हणाली.

बोर्ड देखणा झाला. आता यातली खोच ऐका. बोर्डाला वर तांबं, खाली तांबं, मध्ये फायबर. मोटरचा करंट वरून खाली न्यायचा तर आरपार भोकं पाडायची आणि त्यांना आतून तांब्याचा मुलामा द्यायचा. हा मुलामा कागदापेक्षाही पातळ. मोटरचा करंट एकट्या भोकाला झेपत नाही, म्हणून डझनभर भोकं लागतात. ताईनं तेवढी दिलीही. पण दिली ती एकामागं एक, वाटेच्या मधोमध, नाकासमोर सरळ रांगेत. का, तर छान दिसतात म्हणून!

पहिल्याच फेरीत चढाच्या अर्ध्यावर खुर्ची थांबली. सीटखालून धूर आला. ताई मागेच होती, ती ढकलत घरी घेऊन आली.  घरात आल्यावर राजे भिंतीकडे बघत म्हणाले, “राहू दे ताई ती मोटर. तू ढकलतेस तेच बरं.”

भांडला असता तर तिला चाललं असतं. हा तर हरला होता, आणि हरला होता तिच्या बोर्डामुळे. रात्रीच तिनं बोर्ड खुर्चीतून सोडवून पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं बोर्ड भिंगाखाली धरला. रांगेतली पहिली भोकं कोळसा झाली होती आणि शेवटची नव्या नवरीसारखी चकचकीत. करंटला कसली आलीय रांग? तो बापडा समोरचं पहिलं दार धरतो. सगळा भार पुढच्यांवर पडला, ती जळाली, मग तोच भार त्यांच्यामागच्यांवर. शेवटच्यांपर्यंत पाळी यायच्या आतच तांब्याची वाट जळून तुटली आणि मोटर बंद पडली. टेस्टिंगवाले काका शेजारून डोकावले आणि म्हणाले की हे त्यांनीही एकदा करून ठेवलंय, आणि त्यांचा तर पंखा पेटला होता. ताईला हसू आलं नाही, पण जरा धीर आला.

नव्या बोर्डात तिनं भोकं वाटेला आडवी, या काठापासून त्या काठापर्यंत पसरली, म्हणजे करंट सगळ्यांपाशी एकदमच पोचावा. शिवाय ती डाग द्यायच्या शिशानं बुजवली, म्हणजे पातळ मुलाम्याला आधार मिळावा. बोर्डाचं रूप पार गेलं, जागोजागी शिशाचे फुगवटे आले. तिनं मन घट्ट केलं. खुर्चीत वाळूची पोती बसवून तिनं चढावर खेपा मारल्या, दर खेपेला बोटाच्या मागच्या बाजूनं बोर्ड चाचपला. येणारेजाणारे हसले, तर हसोत बापडे.

राजांना पुन्हा बसवायला तिला गयावया करावी लागली. अखेर ते निघाले. ताई फाटकाशी थांबली. खुर्ची चढ चढली, वर पोचली आणि दिसेनाशी झाली.

परत येईचना. ताईनं चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. धूर, उलटलेली खुर्ची, काय काय डोळ्यांपुढे आलं. पण शब्द दिला होता. जीव मुठीत धरून ती फाटकातच उभी राहिली.

राजे आले ते केस कापून. बाजारातल्या सलूनमध्ये गेले होते, म्हणे. तिथं पाळी येईपर्यंत बसावं लागलं, आणि लोकांशी गप्पा मारताना वेळ कसा गेला ते कळलंच नाही. ताईनं खाली बसून बोर्डाला बोट लावलं. जेमतेम कोमट. मग तिनं मान वर केली. कानामागची रेघ साफ वाकडी होती.

घरात येताच तिनं कात्रीचा खण ओढला. मग तसाच परत लोटला.

“पुढच्या वेळीही तिकडेच जाणार?”

“जाईन म्हणतो.”

“जा,” ताई म्हणाली. तिला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, आणि डोळे नेमके कशानं भरले ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.